पुढचा मागे, मागचा पुढे

“हॅलो? … हॅलो, तूच ना? बोल, काहीतरी बोल… अगं, ओरडत नाहीये मी. … बरं, ओरडतोय. आधी सांग, आहेस कुठे? … ते राहू दे, आधी माझं ऐक!”

सकाळपासून फोन लावून लावून तो रडकुंडीला आला होता. डोंगरात रेंज नव्हती. बायको तिकडे सायकलवर आणि तो इकडे स्वयंपाकघरात, जीव टांगणीला लावून.

“अगं ऐक ना… टायर चुकलेत. म्हणजे टायर बरोबर आहेत, मी चुकलोय. … हसतेस काय? निघताना फोटो पाठवलास ना, सायकलला टेकून उभी आहेस तो… हो, छान आलाय. पण मी टायर बघत होतो. … तसं नाही गं! तू छानच दिसतेस. फोटो मोठा केला, तर बारीक दातांचा टायर पुढच्या चाकाला! आणि मोठ्या दातांचा मागे. तेव्हापासून फोन लावतोय.”

त्याने ओट्याचा काठ घट्ट धरला.

“हो, मीच म्हणालो होतो. चढावर जमीन कोरडी, टणक, म्हणून मागे बारीक दातांचा, पळणारा टायर. पायांना जोर कमी लागतो. आणि उतारावर झाडीतली ओली मुळं, चिखल, म्हणून पुढे मोठ्या दातांचा, जमीन धरून ठेवणारा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस तोंडावर… हो, पाठ आहे तुला. आठवडाभर जेवताना हेच ऐकलंयस. … पण लावले उलटेच ना मी! … कसे म्हणजे? दोन्ही जमिनीवर मांडले होते. पुढचा डावीकडे, मागचा उजवीकडे. मग सायकल उलटी केली, सीटवर उभी. करताना ती फिरली, पुढचं चाक उजवीकडे आलं. … एवढं वाचून? अगं, वाचूनच! डोळे पुस्तकात होते, चाकाकडे कोण बघतंय!”

जन्मभर छापखान्यात त्याने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. एकही सुटली नाही, असं मालक म्हणायचे. त्याला स्वतःला ते कधी पटलं नव्हतं. आज तर अजिबातच नाही.

“हे बघ, आता उतार चालत उतर. सायकल हातात धर. … लाज कसली? तुझ्यासोबत आलेली ती दातांची डॉक्टरीण हसली तर हसू दे. तिला तरी दिसायला हवे होते ते दात! … काय? … कधी? … तिलाच दिसले?”

तो मागे न बघता बसला. नशिबाने खुर्ची तिथेच होती.

“पहिल्याच वळणावर चाक सरकलं… आणि तू लगेच सायकलवरून उतरलीस? … लागलं नाही ना? खरं सांग. जन्मभर पेशंटना सुई टोचताना ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणत आलीस, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही. … गुडघा? … कोपर? … बरं. बरं. … दोघींनी मिळून बदलले? तिथेच, वाटेच्या कडेला? … आणि मग चढलीस. आणि उतरलीससुद्धा? त्या मुळांवरून? पूर्ण? … आणि आता झाडाखाली पाणी पितेयस! अगं, मी इथे तुला मघापासून हॉस्पिटलात बघतोय!”

चष्म्यावर धुकं आलं होतं. त्याने तो काढून सदऱ्याला पुसला, मग पुन्हा पुसला.

“नाही, रडत नाहीये. चष्मा पुसतोय. … हो, दोन्ही हातांनी. फोन खांद्यात धरलाय. … बरं, थोडंसं. झालं समाधान?

“ऐक, पुढच्या वेळी दुकानातच विचार हं. त्या माणसाला यातलं कळतं. मी आपलं नुसतं वाचून… नको का? … कोण विचारतंय? … डॉक्टरीण? तिच्या सायकलला कुठले घ्यायचे, ते मला? अगं, तिच्यासमोरच तर उलटे निघाले ना! … तरीसुद्धा? … का? … कोण मागे राहिली? … चढावर? ती? तुझ्या मागे? … किती मागे?”

तो खुर्चीत जरा ताठ बसला.

“… नाही, ऐकू आलं. पुन्हा सांग. … हं. … हं. … म्हणजे पळत होता मागचा टायर. … नाही, मी काही म्हणत नाहीये. … बरं, सांगतो तिला. ती जाते ती वाट कशी आहे विचार. मुरूम सुटा आहे की बसलेला? … आत्ता विचार ना, शेजारीच आहे तर. … पण एक सांगून ठेवतो. कुठला घ्यायचा ते मी सांगेन. लावायचे तुम्ही दोघींनी. मी हातसुद्धा लावणार नाही… हॅलो? … हॅलो? सुटा की बसलेला?”