पुजून जाम झालेली सायकल

पूजा करून सायकल बिघडते, हे मला यंदा शिरपूरच्या आबा मिस्त्रींनी सांगितलं.

सायकल आमच्या मुलाची, निखिलची. जुनी बीएमएक्स. तो गेला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. पण दर दसऱ्याला माझी बायको सुनंदा तिला हळदकुंकू वाहायची, चेनवर देवाचं तेल सोडायची. यंदा पुतणी तेजूला धुळ्याच्या मातीतल्या सायकल शर्यतीत उतरायचं होतं. तिनं सायकल मागितली आणि काकू चक्क हो म्हणाली.

आबांनी स्टँड, कॅरिअर, मडगार्ड काढले, सीट खाली घेतली. पण मागचं चाक फिरेना. फ्रीव्हील उघडून ते माझ्याकडे बघतच राहिले.

"भाऊ, तुम्ही हाई सायकल पुजी-पुजी जाम करी टाकी! तेल आन कुंकूना चिकटा शे बठ्ठा."

"सगळा तेलकुंकवाचाच चिकटा? धुवा मग."

"बठ्ठं निंघी जाई. हँडलवरलं कुंकूबी. तठे नंबरनी पाटी लागस."

मी सुनंदाला फोन लावून सांगितलं, सगळं निघून जाईल, हँडलवरचं कुंकूसुद्धा; तिथं शर्यतीच्या नंबराची पाटी लागते.  ती म्हणाली, "धुतल्यावर पळेल ना? मग धुवा."

तेजू पाचवी आली. सायकल चिखलानं माखून घरी आली. मी धुवायला नळी घेतली, तर सुनंदानं नळच बंद केला. निखिल अशी सायकल अंगणात आणायचा, तेव्हा त्याला ओरडणारी हीच बाई.

"राहू द्या," ती म्हणाली. "दसऱ्याला अशीच पुजू."