सरड्याचा बल्ब

परवा सकाळी बरोबर सव्वासहा वाजता, ऐन थंडीत, दिराच्या सरड्याचा पिवळा बल्ब उडाला. तो दाढीवाला विदेशी सरडा माझ्या भरवशावर सोडून दीर परीक्षेला अमरावतीला गेलेले. मी त्याच्या काचेच्या पेटीत एलईडी लावला. लख्ख उजेड! तरी सरडा काळा पडला, हलेना. घाबरून दिरांना फोन केला.

“भाऊजी, उजेड तर भरपूर आहे, मंग हा गारठला कावून?”

“बल्बले हात लावून पाहा, वहिनी.”

लावला. थंडगार!

“अवो, त्याले पुस्तक वाचाले नाही, अंग शेकाले बल्ब लागते!”

अकोटचा दुकानदार म्हणतो, तसे बल्ब आता येतच नाहीत. दिवसभर लेकरू अन् सरडा घेऊन उन्हात बसते, पण ऊन कललं की काय करू? कोणाकडे जुना, तापणारा शंभर वॅटचा पिवळा बल्ब असेल तर सांगा, अन् चार जणींच्या कानावर घाला.