जाडा टायर

बडनेऱ्याच्या टायरच्या दुकानात आकांक्षा स्कूटीच्या पंक्चरसाठी थांबली होती. शेजारी शेषराव आणि पंचफुलाबाई हे म्हातारं जोडपं आपली मोटारसायकल दाखवत होतं.

“मिस्त्री, हे मांगं बसली का टायर मडगार्डले घासते.”

“मी जाडी झाली म्हनतेत. मले गाडीवर बसवूनच नाही राहिले.”

मिस्त्रीनं वाकून चाक पाहिलं. “काकू, तुमी नाही, टायर जाडा हाय. मापापेक्षा रुंद टायर कोनं टाकला?”

शेषराव रुमालानं गाडीचा आरसा पुसू लागले. पंचफुलाबाईंनी रुमाल ओढला.

“बोला ना आता! काहून टाकला?”

“चिखलदऱ्याच्या घाटात तू घसरू नये म्हनून टाकला वं.”

पंचफुलाबाईंना हसू आवरेना. मिस्त्रीनं मापाचा टायर चढवला. त्या मागं बसल्या, चाक बिनआवाज फिरलं.

“चला मंग चिखलदऱ्याले.”

“आताच?”

“नाही तं काय टायर झिजल्यावर?”