हापुयची चांदणी

नाही हो, चांदण्या मीच गाळल्या, कबूल आहे, पण माझं ऐकून तर घ्याल? तुम्हाला सांगते, मी साधी मॅट्रिक झालेली बाई, सरांच्या शब्दकोशाचं टाइपिंग करते, आणि पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "बाई, माझ्या पेन्सिलच्या खुणा टाइप करू नका!" आता काही शब्दांच्या आधी चांदणी, तीही पेन्सिलनेच... शाळेत आम्ही महत्त्वाच्या प्रश्नाला चांदणी काढायचो, मला वाटलं, तसलंच काहीतरी! चारशे बारा चांदण्या, एक म्हणून ठेवली नाही मी!

आज पाचला कोश छापायला जायचा, आणि अकराला सर किंचाळले, "बाईऽऽ! हापुय उघडा पडलाय!" मी आधी दाराकडे पाहिलं. कोण हा हापुय?

तर हापुय म्हणजे विस्तव. म्हणजे, असावा! मलय लोक विस्तवाला म्हणतात आपी, आणि दूरदूरच्या बेटांवरच्या भाषा बघा, तगालोगमध्ये अपोय, मालागासीत आफू, मावरीत आही... मधे केवढा तो समुद्र, तरी तोंडावळा एकच! माझ्या चार नणंदांची नाकं बघितली की, फोटो नसला तरी सासऱ्यांचं नाक कळतं की नाही? तसा या विद्वानांनी मूळ शब्द जुळवला, हापुय. पण ऐकलाय कुणी? कुणीच नाही! म्हणून आधी चांदणी. "ती नसली तर लोकांना वाटेल, मी स्वतः ऐकून आलो!" सर अगदी रडवेले. "वीस वर्षांचं काम, बाई! हसतील मला!"

मग काय, बसले मी. एकेक शब्द बघायचा... ऐकलाय कुणी? कुणीच नाही! ठोक चांदणी! पण तुम्हाला सांगते, हात मधेच थांबायचा. होडीतून निखारे जपत नेले असतील ना कुणी? एखादी बाई ओरडली असेल ना, "अगं, हापुय विझला बघ!"... मी हळूच म्हणून पाहिलं, "हापुय." सर दचकले. "काय म्हणालात?" "काही नाही, सर."

पाचला दहा कमी असताना शेवटची चांदणी लागली. धीर करून म्हटलं, "सर, पण पेन्सिलचं तुम्हीच सांगितलं होतं." सरांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा घेणार?"

आता 'माझं चुकलं' हे शब्द सरांच्या पोटात असणार हो, नक्की असणार, सगळ्या खुणा तेच सांगतात. पण ऐकलेत कुणी? कुणीच नाही!

दिली मनातल्या मनात एक चांदणी, आणि प्यायले चहा.