चोवीस तास खुर्चीत

डॉक्टरला फसवायचं असेल तर बायकोच्या हातात पेन देऊ नका, एवढं माझं ऐका.

एकाहत्तर वर्षांचा झालो तरी मी रोज शाहपुरा तलावाला पळत दोन चकरा मारतो. मध्यंतरी पळताना छातीत धडधड व्हायला लागली. डॉक्टरनं छातीला वायरी चिकटवल्या, कमरेला एक डबी बांधली आणि म्हणाला, "दादाजी, चौबीस घंटे रोज़ जैसे ही रहिए. जो करें, डायरी में लिखिए."

मी काय खुळा आहे? पळालो तर डबी चुगली करणार आणि माझं पळणं कायमचं बंद. म्हणून खुर्चीत बसून राहिलो. लिहिण्याशी आपलं वाकडं, म्हणून डायरी हिच्याकडे दिली.

"अहो, आज पळायचं नाही?"

"तू गप लिही."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "रिपोर्ट एकदम बढ़िया!" मी लगेच बुटाच्या नाड्या आवळल्या. तेवढ्यात त्यानं डायरी उघडली. सहा वाजता खुर्ची. आठ वाजता खुर्ची. दहा वाजता चहा, खुर्चीतच.

"दौड़े ही नहीं?" तो हसला. "फिर तो इलाज मिल गया, दादाजी. रोज़ यही कीजिए."

आता खरं बोललो तर पुन्हा डबी, गप्प राहिलो तर जन्मभर खुर्ची. मी तोंड उघडायच्या आत ही पुढे सरकली.

"डॉक्टरसाब, ये ज़रा कागज़ पे लिख दो. मेरी तो सुनते नहीं."