निळ्या टोपीतली पाहुणी

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या, एपिस्कोपल पंथाच्या एका छोट्या चर्चची उन्हाळी जत्रा. स्ट्रॉबेरी केकच्या रांगेत विनिफ्रेड उभी होती आणि तिच्या मागे दोन म्हाताऱ्या.

"मर्टल, ही पुढची निळ्या टोपीवाली कोण गं?"

विनिफ्रेडने टोपी खाली ओढली.

"उन्हाळ्यापुरती आली असेल."

"मग सकाळी प्रवचन वहीत कशाला उतरवून घेत होती?"

"भाविक असेल बिचारी."

"कसली भाविक! पाद्रीबुवांच्या बायकोला विचारत होती, त्यांना इथली नोकरी सोडणं जमेल का म्हणून. दुसऱ्या चर्चने पाठवलीय, आपले पाद्रीबुवा पळवायला!"

"काहीतरीच तुझं! असं कोण करतं?"

"सात वर्षांपूर्वी या पाद्रीबुवांना हेरायला त्यांच्या जुन्या चर्चच्या जत्रेत आपणच गेलो होतो ना?"

"गेलो होतो. पण आपण वही तरी लपवली होती!"