खंड न पाडता

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध त्यांची म्हातारी आई.

"ताई, त्या कॉपर पेप्टाइडच्या इंजेक्शनात मधे खंड पाडायला सांगितला होता ना डॉक्टरांनी?"

"सांगितला होता."

"मग?"

"नाही पाडला. उलट डोस थोडा वाढवलाच."

"अगं, तांबं असतं त्यात! अंगात साठलं तर?"

"म्हणून तर रक्त द्यायला आलेय. तोंडाला सारखी धातूची चव येते. घास उतरत नाही."

"आणि हे सगळं सुरकुत्यांसाठी? या वयात कुणाला दाखवायचाय चेहरा?"

"आईला."

"काय?"

"तिला तरुणपणातली मी आठवते. तुझा चेहरा फारसा बदलला नाही, तुला ओळखते. मला 'अहो बाई' म्हणते. खंड पाडला आणि चेहरा पुन्हा सुरकुतला तर?"

"ताई, इंजेक्शनानं ओळख परत येत नाही गं."

"मागे एकदा तिनं माझ्या गालावरून हात फिरवला होता."

"आजपासून बंद. शब्द दे मला."

"बघू."

"बघू नाही. आई, तूच सांग हिला. ही कोण आहे, सांग बरं?"

म्हातारीनं थोरलीकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचं मनगट घट्ट धरलं.

"आई, किती उशीर केलास गं! मला घरी ने ना," म्हातारी म्हणाली.



"नेते हं, बाळा," थोरली म्हणाली.